आजीच्या ट्रंकेतले अर्धे मथळे आणि त्यांचे (आम्हीच लावलेले) परिणाम

सांजवेळ

वाईचं घर रिकामं करायचंय म्हणून गेल्या शनिवारी आम्ही सगळी आते-चुलत भावंडं जमलो होतो. माळ्यावरून आजीची लग्नातली पत्र्याची ट्रंक खाली आली. आत इरकली लुगडी, डांबराच्या गोळ्या, एक कुलूप आणि भलत्याच कुलपाची किल्ली. बाकीच्यांची लुगड्यांची वाटणी होईस्तोवर मी तळाला घातलेली वर्तमानपत्रं वाचत बसले. (मला लुगडं मिळालं नाही ते त्यामुळेच.)

आजीने दर काही वर्षांनी जुना कागद न काढता त्यावरच नवा घातलेला. सगळ्यात वर जुलै १९७९, त्याखाली १९६३, मग फेब्रुवारी १९६२ आणि पत्र्याला गंजासकट चिकटलेला एप्रिल १९५७. कागद ट्रंकेच्या मापाने कापलेले, त्यामुळे वर्तमानपत्राचं नाव एकावरही नाही आणि मथळे अर्धेमुर्धे. सगळ्यात वरच्यावर मोठ्या अक्षरांत फक्त एवढंच उरलंय: '...कोसळण्याची भीती'.

तर खेळ असा. जुना मथळा किंवा जुनी बातमी घ्यायची आणि ती वाचून कुणाच्या घरात काय घडलं असेल ते लिहायचं. खरं घडलेलं असलं तरी चालेल.

सुरुवात मी करते. १ एप्रिल १९५७ला नये पैसे आले. रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे गेले, १०० नये पैसे झाले. पणजोबांना तारखेवरूनच संशय आला असणार. सरकार एप्रिल फूल करतंय म्हणून पहिल्या दिवशी त्यांनी पाकीट उघडलंच नसेल. मग छापून आलेलं कोष्टक पाठ केलं: एका आण्याला ६, दोनाला १२, तिनाला १९, चाराला २५. खरा हिशोब आण्याला सव्वासहाचा, पण पाव नया पैसा आणायचा कुठून? इथे पणजोबांचे डोळे चमकले. एकेका आण्याची खरेदी सोळा वेळा केली की रुपयाचा माल ९६ नये पैशांत! मग काय, एक आण्याची मेथी घ्यायची, पैसे द्यायचे, चार पावलं जायचं, कपाळाला हात लावायचा, "अरेच्या, मिरच्या राहिल्याच!" म्हणत परत फिरायचं. रुपयाची भाजी आणायला अकरा वाजायचे. वरचे चार नये पैसे पणजोबांनी आयुष्यभर साठवले असतील तर ते कुठे आहेत, हा आमच्या घरातला खरा वारसाहक्काचा प्रश्न आहे.

गणिती_गोम

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). पण तुमच्या पणजोबांनी भाजीवालीला कच्चं समजू नये. तीन आणे म्हणजे खरे पावणेएकोणीस, कोष्टकात १९. तिने सगळ्या भाजीचे तीन-तीन आण्यांचे वाटे लावले असणार. असे पाच वाटे म्हणजे ९५, वर एका आण्याची कोथिंबीर ६. रुपयाचा माल १०१ला! पणजोबा ९६वर अडलेले, ती १०१वर. मधल्या पाच नये पैशांसाठी मंडईत जे झालं असेल त्याची बखर कुणी लिहिली नाही, हे आपलं नुकसान.

मांडवीकाठ

आमच्या पणजीच्या पणजीची गोष्ट सांगतो. (पहिली शहर, दुसरी आजीची आई. हा विनोद आमच्या घरात दर गणपतीला होतो, आता तुम्हीही सोसा.) तिच्या लहानपणापासून गोव्यात रुपिया आणि १६ तांगा. १९५८-५९ला पोर्तुगीज सरकारने एस्कुदो आणला, एका रुपियाचे ६ एस्कुदो. म्हातारीने सहाचा पाढा घोटला. तो पाठ होतोय तोवर १९ डिसेंबर १९६१ उजाडला, गोवा मुक्त झाला आणि पाठोपाठ तुमचे नये पैसे दारात. चार वर्षांच्या आत तीन चलनं! तिने मग सगळ्यांवर फुली मारून नारळांत हिशोब सुरू केला. कापड अमुक नारळांचं, भटजींची दक्षिणा तमुक नारळ. नारळाला दशांश लागत नाही आणि सरकार बदललं तरी त्याच्यावरचं चित्र बदलत नाही.

खिळेजुळारी

धागा वाचून राहवलं नाही. मी एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होतो, खिळ्यांच्या जमान्यात, म्हणजे एकेका अक्षराचा धातूचा खिळा जुळवून छापायचे तेव्हा. तुम्ही मथळा वाचून परिणाम लावताय, मथळा कसा जन्मायचा तेही ऐका.

मोठ्या टाइपाचे खिळे छापखान्यात मोजकेच असत. मथळ्यात दोनदा 'ष्ट्र' आला की फोरमन खिळ्यांच्या केसमधून (खणांच्या खोक्यातून) मान वर करून ओरडायचा, "साहेब, ष्ट्र एकच आहे!" मग 'महाराष्ट्र-सौराष्ट्र' असं काही आलं की आम्ही एकाला 'राज्य' करून टाकायचो. कित्येक बातम्यांमधली 'तीव्र नाराजी' ही नुसती 'नाराजी' झाली ती 'व्र' झिजला होता म्हणून. वाचक समजायचे, संपादकांचं धोरण मवाळ झालं.

आणि मुद्राराक्षस! एका शाळेच्या संमेलनाची बातमी. 'मुख्य पाहुण्यांचा सत्कार' असा मथळा दिला होता, सकाळी छापून आला 'मूर्ख पाहुण्यांचा सत्कार'. पाहुणे खुद्द दारात. हात जोडून दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली, की ते 'प्रमुख पाहुणे' असे वाचावे. जुळारी तोच होता. छापलं काय, तर 'प्रमूर्ख'. तिसऱ्या दिवशी पाहुण्यांचाच निरोप आला, आता काही छापू नका, कालपेक्षा परवाचं बरं होतं.

सांजवेळ

@खिळेजुळारी, दंडवत! 'प्रमूर्ख' हा शब्द आजपासून आमच्या ऑफिसात रुजू.

वऱ्हाडी_ठेचा

ट्रंकेतला फेब्रुवारी १९६२ म्हंजे अष्टग्रहीच असंन बावा! ३ ते ५ फेब्रुवारी. सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आन् वरून केतू, सगळे मकर राशीत. देशभर यज्ञ चालले होते, जग बुडते म्हून.

आमच्या आजोबाचा हिशोब सरळ होता. जग बुडनारच हाये तं कर्ज काढाले हरकत काय? व्याज कोनाले द्या लागते? सावकाराकडून पैसे उचलले, गावजेवन घातलं, तुपाचे डबे यज्ञात ओतले, उरल्या पैशात आजीले पैठनी. आजी म्हने, जग बुडते तं पैठनी कोनाले दाखवू? ५ तारखेच्या रात्री सगळे अंगनात बसून. काहीच नाही. कुत्रं बी भुकलं नाही. ६ तारखेच्या सकाळी दार वाजलं. बाहेर सावकार, नववा ग्रह!

अर्धी गोष्ट खरी हाये. कोनती अर्धी ते आजोबानं बी सांगतलं नाही.

खवट_काका

सावकाराने तरी कर्ज कसं दिलं? त्याचा जगबुडीवर विश्वास नव्हता वाटतं. त्या महिन्यातला गावातला एकमेव वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणायचा.

बाकी त्याच महिन्यात, १९ फेब्रुवारीपासून, सार्वत्रिक निवडणूक होती. आठ ग्रह एका राशीत आले, पण विरोधी पक्ष एका मांडवात आले नाहीत. महाराष्ट्रात काँग्रेसने धुऊन नेलं. ज्योतिषी म्हणत होते अनिष्ट घडेल. कुणाला, ते सांगायचं राहिलं एवढंच.

मिसळ_विदाऊट_पाव

१९६३ म्हणजे सुवर्ण नियंत्रण ना? आदल्या वर्षीचं चीन युद्ध, तिजोरीत खडखडाट, आणि अर्थमंत्री मोरारजी देसाईंचा जानेवारीतला हुकूम: नवे दागिने १४ कॅरेटच्या वर घडवायचे नाहीत. शंभरातले जेमतेम ५८ भाग सोनं, बाकी तांबं-बिंबं.

माझ्या कल्पनेतलं त्या वर्षीचं लग्न: याद्या करताना वरमाय म्हणते, "मुलगी चौदा कॅरेटची चालेल, मंगळसूत्र नको." भटजी 'सावधान' म्हणतात आणि मांडवातले निम्मे लोक खिशातल्या पाटल्या चाचपतात. आणि व्याही? "आमचा मुलगा बावीस कॅरेटचा हो!" "असेल, पण १० जानेवारीच्या आत घडवलेला दिसत नाही."

कसोटी

हसलो. पण आमचं घर सोनारांचं, म्हणून थोडं वेगळं लिहितो.

चौदा कॅरेटचा दागिना कडक होतो, रंग उतरतो, आणि आपल्याकडे बायका दागिना घेतात तो मोडायला, म्हणजे अडीअडचणीला मोडता यावा म्हणून. चौदाचं कुणी घडवूनच घेईना. हजारो कारागिरांच्या शेगड्या विझल्या. काहींनी जीव दिले, ते त्या वेळच्या वर्तमानपत्रांत आहे. माझ्या वडिलांनी त्या वर्षी सायकलची पंक्चरं काढली. फुंकणी धरलेला हात हवा भरायला बरा, असं म्हणायचे. १४ कॅरेटची अट १९६६ला गेली तेव्हा ते परत पाटावर बसले, पण सायकलवाली गिऱ्हाइकं पुढे वर्षभर दुकानात येत राहिली. एकाने अंगठी करायला टाकली आणि जाता जाता मागच्या चाकात हवा मागितली.

पाहुण्यांच्या चहात दूध कमी पडलं की आई आतून हळूच विचारायची, "चौदा कॅरेटचा चालेल ना?" तेवढा शब्द मात्र सरकारने आम्हाला फुकट दिला.

मिसळ_विदाऊट_पाव

@कसोटी, लिहिलंत ते बरं केलंत. मागच्या चाकातली हवा लक्षात राहील.

बोरीबंदर

जरा मागे जाऊ या? ट्रंक आमची नाही, पण बातमी आमच्या गावाची आहे. १ जानेवारी १९०६ला भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची आपली वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे. सरकारने घड्याळं पुढे करा म्हटलं आणि मुंबई भडकली. आमचा सूर्य आम्ही ठरवणार! महापालिकेने 'बॉम्बे टाइम' धरून ठेवला तो थेट १९५५पर्यंत. म्हणजे स्वातंत्र्य मिळून आठ वर्षं झाली तरी शहरात दोन वेळा नांदत होत्या. (त्याआधी १८८०च्या दशकातही एकदा मद्रास टाइमवरून असंच वाजलं होतं. राजाबाई टॉवरचं घड्याळ मुंबईचीच वेळ दाखवणार म्हटल्यावर सरकारने त्याच्या दिव्याचा खर्च अडवला होता. वेळ तुमची तर तेलही तुमचं.)

आता कल्पना करा, १९५०चं गिरगावातलं लग्न. पत्रिकेत मुहूर्त १०:२१. मुलीकडचे पुण्याचे, त्यांचं घड्याळ रेल्वेचं. मुलाकडचे चाळीतले, बॉम्बे टाइमवाले. १०:२१ला पुणेकर अंतरपाट धरून उभे आणि नवरदेव अजून न्हाणीघरात, त्याच्या हिशोबाने पावणेदहाही वाजलेले नाहीत. पुणेकरांच्या मते मुलगा उशिरा आला, मुंबईकरांच्या मते मुलगी उतावीळ. हा वाद आमच्या आजोळी पुढची ३९ वर्षं चालला. मिनिटांची वर्षं झाली, बाकी काही फरक नाही.

पेठी

पुणेकर बरोबर होते, एवढीच नोंद. या निमित्ताने 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा मथळा कसा विसरलात? केसरी, जुलै १८९७. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तो स्वयंपाकघराकडे तोंड करून वाचला जातो. आमटी खारट झाली की आजोबा: "गृहखात्याचे डोके ठिकाणावर आहे काय?" पुढे आजोबांना सरकारजमा करून सहा दिवस साधं वरण. टिळकांनाही याच मथळ्यावरून दीड वर्षाची शिक्षा झाली, आजोबा म्हणायचे आपण सहा दिवसांत सुटलो.

नोंदवही

किंचित दुरुस्ती. त्याच महिन्याच्या २७ तारखेला टिळकांना अटक झाली हे खरं, पण खटला त्या अग्रलेखावर नव्हता. १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावर होता, त्यात 'शिवाजीचे उद्गार' ही कविता होती. शिक्षा मात्र १८ महिन्यांचीच. तुमच्या आजोबांवरही नक्की कोणत्या वाक्याबद्दल कारवाई झाली ते तपासून पाहावं, आमटीबद्दल असेलच असं नाही.

पेठी

तपासलं. आजी म्हणाली, आमटीबद्दल नव्हतंच. माहेरच्यांबद्दल काहीतरी बोलले होते.

न्यूजर्सीकर

आमच्या इकडचा सगळ्यात नावाजलेला मथळा शिकागो ट्रिब्यूनचा, ३ नोव्हेंबर १९४८, अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा: ड्यूईने ट्रुमनना हरवलं! छापखान्यातले जुळारी संपावर, अंक लवकर छपाईला सोडावा लागायचा, म्हणून निकाल यायच्या आधीच निकाल छापला. जिंकले ट्रुमन. दोन्ही हातांत तो अंक उंच धरून हसतानाचा त्यांचा फोटो आहे, बहुतेकांनी पाहिला असेल. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ट्रुमन नाही, ड्यूईंची बायको येते. सकाळी अंक वाचून शेजारणींना पेढे वाटून आलेली.

आणि दिलगिरीबद्दल म्हणाल तर @खिळेजुळारींचा 'मूर्ख' एका दिवसात दुरुस्तीला तरी गेला. न्यूयॉर्क टाइम्सने १३ जानेवारी १९२०ला गोडार्ड या शास्त्रज्ञाची टर उडवली होती, की निर्वात पोकळीत रॉकेट चालेल म्हणतो, शाळेत शिकवतात तेवढंही याला कळत नाही. दुरुस्ती छापली १७ जुलै १९६९ला, अपोलो ११ चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी. ४९ वर्षं! गोडार्ड १९४५लाच गेले होते. चंद्रावर पोचायला चार दिवस आणि चुकीपर्यंत पोचायला अर्धं शतक.

खवट_काका

आता मूळ प्रश्नाकडे या. जुलै १९७९चा '...कोसळण्याची भीती' म्हणजे स्कायलॅब, यात शंका कसली? ७७ टनांची अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा, कुठे पडणार कुणालाच माहीत नाही. नासाने सांगितलं, कुणाला तरी तुकडा लागण्याची शक्यता १५२मध्ये एक. आमच्या शेजारच्या नानांनी याचा अर्थ असा लावला की आपल्या वाड्यात बिऱ्हाडकरू धरून १५२ माणसं आहेत, म्हणजे एक नक्की. कोण, यावर वाड्यात मतदान झालं असतं तर घरमालक एकमताने निवडून आला असता.

माझा थोरला भाऊ त्या आठवड्यात अभ्यास सोडून गच्चीवर झोपायचा. दहावी नापास झाल्यावर वडिलांना म्हणाला, "मला वाटलं निकाल लागायच्या आधी तेच लागेल." आईने लोणच्याच्या बरण्या मात्र जिन्याखाली हलवल्या होत्या. आम्हाला कुणी हलवलं नाही.

बोरीबंदर

शेवटी पडलं ११ जुलैला रात्री, हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात. तिथल्या एस्परन्स गावाच्या पालिकेने नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड ठोठावला! हे आपल्या एखाद्या नगरपालिकेच्या हद्दीत झालं असतं तर? आधी तो तुकडा नक्की कोणत्या प्रभागात, यावर सहा महिने. मग मालमत्ता कर. मग 'विनापरवाना बांधकाम' म्हणून नोटीस, नोटीस घ्यायला कुणी नाही म्हणून तुकड्यालाच चिकटवलेली. आणि चौथ्या वर्षी त्याच्याभोवती पार बांधून शेंदूर.

नोंदवही

शंका आहे. '...कोसळण्याची भीती' स्कायलॅबचंच कशावरून? त्याच ११ जुलैला यशवंतराव चव्हाणांनी लोकसभेत मोरारजींच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला. १५ जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला. मथळा सरकारबद्दलही असू शकतो. वर आकाशात एक आणि खाली दिल्लीत एक, दोन्ही एकाच आठवड्यात डळमळत होती.

खवट_काका

सोनं मोरारजी, दारूबंदी मोरारजी, जुलै ७९ मोरारजी. ही आजीची ट्रंक आहे की त्यांचं चरित्र?

खिळेजुळारी

@नोंदवही यांच्याशी सहमत, मथळ्यावरून काही सांगता येत नाही. त्याच वर्षीचं सांगतो. २२ मार्चला जयप्रकाशजी (नारायण) गेल्याची बातमी खुद्द पंतप्रधानांनी लोकसभेत दिली. (होय काका, तेच.) आम्ही काळ्या चौकटीतलं पान जुळवून घेतलं, मोठ्या टाइपातला मथळा बांधला. तेवढ्यात कळलं, जसलोक हॉस्पिटलमध्ये ते जिवंत आहेत. आनंदच झाला, पण आता जुळवलेल्या मजकुराचं काय? सोडवावा तर मनाला बरं वाटेना, ठेवावा तर त्याहून बरं वाटेना. फोरमनने सुतळी बांधून फळीवर ठेवला आणि वर जुनी धोतरपट्टी टाकली. ते ८ ऑक्टोबरला गेले. तोवर साडेसहा महिने आमच्या मथळ्यांना मोठा 'श' मिळत नव्हता. 'देश' आला की आम्ही 'राष्ट्र' लिहायचो, आणि 'ष्ट्र' तर एकच होता.

वऱ्हाडी_ठेचा

म्हंजे साडेसहा महिने देश नाही आन् राष्ट्र एकच! अगागा.

सांजवेळ

मंडळी, ताजी खबर. धाकट्या काकूकडे आजीची दुसरी, लहान ट्रंक आहे. तिला काल फोटो काढून पाठवायला सांगितलं. आजीने एकच अंक कापून दोन्हीकडे घातलेला! कडा तंतोतंत जुळतात. मथळ्याचा डावा तुकडा काकूच्या ट्रंकेत होता. दोन्ही जोडून पुरा मथळा असा:

'कांद्याचे भाव कोसळण्याची भीती'

खवट_काका

मी धाग्यातून राजीनामा देतो.

लासलगाव_एक्सप्रेस

आजच पहिल्यांदा लिहितोय, इतके दिवस वाचनमात्र होतो. यात हसण्यासारखं काय आहे ते आमच्या तालुक्यात कुणाला कळणार नाही. तो कागद टाकू नका, आजच्या तारखेने परत छापता येईल.

सांजवेळ

मघाशी सगळा धागा आजीला वाचून दाखवला. नये पैसे, ग्रह, सोनं, स्कायलॅब, सगळं डोळे मिटून ऐकलं. पणजोबांच्या सोळा खेपांना म्हणाली, "सोळा नाही, चार. आणि ते नाही, मला पाठवायचे." मला वाटलं झोपली. शेवटचा मथळा वाचला तेव्हा डोळे उघडून म्हणाली,

"मग? कोसळले का?"